प्लांटेड टँकला सीओटू कसा द्यायचा: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी पहिल्यापासून

"झाडं वाढेनात, सीओटू लावू का?" हा प्रश्न प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला माशांचा टँक, करणारा प्रत्येकजण कधी ना कधी विचारतोच (सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस), आणि मग एकजण सांगतो बिनधास्त लाव, दुसरा सांगतो मासे मरतील, तिसरा म्हणतो बाटलीत साखर आणि यीस्ट घाल की झालं काम. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं म्हणून जास्तच गोंधळ होतो. खाली सगळं क्रमाने लिहितोय, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, गॅस किती सोडता यापेक्षा रोज तेवढाच सुटतोय का हे जास्त बघायचं. कमी पण रोज सारखा गॅस मिळणारा टँक मस्त चालतो, आज भरपूर आणि उद्या ठणठणाट असा टँक काळ्या शेवाळाने भरतो.

गॅस लागतो कशाला

झाड वाळवून वजन केलं तर त्यातला जवळजवळ ४० ते ४५ टक्के भाग कार्बनच असतो आणि हा सगळा कार्बन झाडाला सीओटूमधून मिळतो. कुंडीतल्या झाडाला हवेतून मिळतो, प्रश्न नाही. पाण्याखालच्या झाडाची मात्र पंचाईत आहे, कारण पाण्यात सीओटू हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो, आणि नुसत्या हवेला लागून असलेल्या पाण्यात तो अर्ध्या पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलीग्रॅम) आसपासच राहतो. टँकमध्ये मासे श्वास घेतात, खालची घाण कुजते त्यामुळे दोन-तीन पीपीएम होतो, बास. आपल्याला हवा असतो २० ते ३०.

रंकाळ्यातलं केंदाळ बघितलंय ना, काढून काढून महापालिका दमते तरी परत येतंच. त्याला सांडपाण्यातून खत मिळतं हे खरंच पण त्याची पानं पाण्याच्या वर असतात, म्हणजे कार्बन हवेतून हवा तेवढा. म्हणून टँकमध्ये सुद्धा वर तरंगणारी झाडं सीओटूशिवाय धडाधड वाढतात आणि खाली लावलेलं माँटे कार्लो (कार्पेटसारखं पसरणारं छोटं झाड) तसंच रडत बसतं.

पायरी १: तुम्हाला खरंच लागतोय का ते ठरवा

अनुबियास, जावा फर्न, मॉस, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया एवढंच असेल तर गॅसच्या नादाला लागू नका. ही झाडं तशीच जगतात, हळू वाढतात पण वाढतात, आणि हळू वाढणारा टँक सांभाळायला सोपा असतो. पुढचं सगळं गवतासारखं कार्पेट पाहिजे असेल, लाल रोटाला किंवा अल्टरनँथेरा लाल-लालच पाहिजे असेल, लाइट भारीतली घेतली असेल तर मग गॅसचा विचार करा.

आणि बऱ्याच वेळा खरा प्रॉब्लेम गॅस नसतोच, लाइट जास्त असते. दहा-बारा तास लाइट चालू ठेवायची आणि शेवाळ झालं म्हणून रडायचं. आधी लाइट सहा तासांवर आणा, तीन आठवडे थांबा, मग बघा. लाइट म्हणजे झाडाला पळवणारी गोष्ट, जेवढी लाइट वाढवाल तेवढा कार्बन आणि खत ते मागणार आणि नाही मिळालं की पानं सडणार, सडक्या पानावर शेवाळ बसणार. ही साखळी एकदा डोक्यात बसली की निम्मे प्रश्न विचारायची गरजच पडत नाही.

पायरी २: पाणी मोजा

एक केएच टेस्ट किट आणि एक पीएच मोजायचं साधन एवढं घ्या, बाकी किट नंतर बघू. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते, आकडा जेवढा खाली तेवढं जास्त आंबट. केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा खार, सीओटू सोडल्यावर पीएच किती खाली जाणार ते यावर ठरतं. आपल्याकडे नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यात खूप फरक पडतो, शहरात पंचगंगेचं, आता काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, आणि अपार्टमेंटमध्ये बरेचदा दोन्ही टाक्या एकत्र म्हणजे उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं की वॉचमन बोअर सोडतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. म्हणून शेजाऱ्याचा आकडा धरून चालू नका, स्वतःच्या बादलीतलं मोजा, आणि एप्रिल-मेमध्ये परत मोजा. नळाच्या पाण्याला क्लोरीन काढायचं औषध लागतंच, ते वेगळं सांगत नाही.

केएच ३ ते ८ च्या मध्ये असेल तर आरामात चाला. त्याहून जास्त असलं तरी सीओटू देता येतो, फक्त काही नाजूक झाडं जड पाण्यात खूश नसतात. एक किंवा त्याच्याखाली असेल तर पीएच फार खाली घसरलेला दिसेल, तिथे आकड्यापेक्षा माशांकडे बघून चालायचं.

पायरी ३: बाटली की सिलेंडर

इथेच सगळे अडकतात. तीन रस्ते आहेत.

पहिला साखर-यीस्ट. एक लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडं यीस्ट, चिमूटभर खायचा सोडा, कोल्ड्रिंकची बाटली, झाकणाला भोक पाडून नळी. काही तासात बुडबुडे चालू होतात आणि दोन-तीन आठवडे चालतात. कोल्हापुरात प्रत्येकजण हमखास विचारतो की साखरेऐवजी गूळ घातला तर चालतो का. चालतो. यीस्टला गूळ आवडतो, जोरात सुरुवात होते, पण फेस एवढा येतो की नळीतून टँकमध्ये जायची भीती असते आणि वासही बेक्कार येतो, त्यामुळे गूळ आपला चहात घाला आणि बाटलीत साखर. या पद्धतीचा मोठा तोटा असा की बंद करायचं बटणच नाही. रात्री लाइट बंद असताना पण गॅस येतच राहतो. शिवाय यीस्ट हवामानावर चालतं, जानेवारीत सकाळी थंडीत मरगळतं आणि मे महिन्यात उधळतं. सुरुवातीला जे रोज सारखा गॅस म्हटलं ते इथे जमणं अवघड आहे. २०-३० लिटरच्या छोट्या टँकला शिकायला म्हणून ठीक.

दुसरा खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, किराणात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते. लक्ष्मीपुरीत दोन्ही किलोने घ्या, छोट्या डब्या परवडत नाहीत. यात दोन बाटल्यांचं किट मिळतं किंवा एका स्टीलच्या बाटलीचं, आणि त्यावर नीडल व्हॉल्व आणि प्रेशरचा काटा असतो म्हणजे गॅस कमी-जास्त करता येतो, सोलेनॉइडवालं (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व) घेतलं तर टायमरवर पण चालतं. साधारण २०० ग्रॅम सोडा, २०० ग्रॅम ॲसिड आणि पाणी, माप किटवर लिहिलेलं असेल तेच धरा. गंमत अशी की २०० ग्रॅम सोड्यातून जवळजवळ १०० ग्रॅम सीओटू निघतो आणि २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर तिच्यातून पण तेवढाच, फरक फक्त ताबा किती राहतो याचा आहे. ५०-६० लिटरपर्यंतच्या टँकला माझ्या मते हा रस्ता बरा.

स्टीलच्या बाटलीचं किट नसेल तर या दोन्हीत एक नियम कडक पाळा, बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या कारण ती प्रेशरसाठीच बनलेली असते. पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर अजिबात नको, फुटली तर डोळ्यावर येईल. बाटली आणि टँकच्या मध्ये अर्धी पाण्याने भरलेली एक छोटी बाटली ठेवा, फेस वर आला तर तिथेच अडकतो.

तिसरा सिलेंडर, आणि टँक ८०-१०० लिटरच्या पुढचा असेल तर सरळ इकडेच या. खर्च एकदाच आहे आणि तो पण गॅसचा नाही, रेग्युलेटर आणि सिलेंडरचा. गॅस स्वस्त असतो. हिशोब करा ना, २ किलोचा सिलेंडर म्हणजे वरचे सोडा-ॲसिडचे साधारण २० रिफिल झाले. गळती नसेल तर लहान टँकला वर्षभर सुद्धा जाऊ शकतो.

आणि दुकानात लिक्विड कार्बन म्हणून बाटली मिळते ती सीओटू नाही हे लक्षात ठेवा. बहुतेक सगळ्यांत ग्लुटारल्डिहाइड असतं, ते शेवाळ मारायला उपयोगी आहे, पण जास्त पडलं तर मासे-झिंगे जातात आणि व्हॅलिस्नेरिया वितळते. दुकानातला दादा "याने कार्पेट येतंय" म्हणाला तर हसून पुढे चला. टँकमध्ये सोडा वॉटर ओतून बघू का असंही कुणीतरी विचारतंच, एकदम ओतलं तर पीएच धाडकन पडतो आणि काही तासात सगळा गॅस उडून जातो, सोडा आपण प्यायचा.

पायरी ४: सिलेंडर आणि गॅस कुठून आणायचा

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पुण्या-मुंबईचे लोक गॅस भरून देणारा शोधत फिरतात, आपल्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एवढ्या फाउंड्री आहेत आणि फाउंड्रीत कोअर आणि साचे बनवायला वाळूत सिलिकेट मिसळून त्यातून सीओटू सोडतात, वाळू दगडासारखी कडक होते. उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात तिथे पण हाच गॅस. म्हणजे इंडस्ट्रियल गॅसचे डीलर आहेत, फक्त ते मोठ्या सिलेंडरचे धंदेवाले असल्यामुळे तुमचा २ किलोचा बघून आधी नाही म्हणतील. अग्निशामक रिफिल करणारे आणि सोडा मशीनवाल्यांना गॅस देणारे लहान सिलेंडर भरतात, तिकडे आधी विचारा.

जाताना या गोष्टी डोक्यात ठेवा.

गॅस शुद्ध सीओटूच मागा. वेल्डिंगसाठी आर्गॉन मिक्सचे सिलेंडर पण असतात, ते आपल्याला काही कामाचे नाहीत. "मामा, नुसता सीओटू, मिक्स नको" एवढं स्पष्ट बोला.

अग्निशामकाचा जुना सिलेंडर स्वस्तात मिळतो म्हणून लोक घेतात. त्याच्या आत खालपर्यंत गेलेली एक नळी असते, आग विझवताना तळातला द्रव बाहेर फेकायला. ती नळी तशीच ठेवून रेग्युलेटर लावला तर गॅसऐवजी द्रव सीओटू रेग्युलेटरमध्ये घुसतो आणि रेग्युलेटरची वाट लागते. रिफिलवाल्याकडूनच ती नळी काढून आणि व्हॉल्व बदलून घ्या, घरात पाना घेऊन खोलायला जाऊ नका, आत ६० बारच्या वर प्रेशर असतं.

सिलेंडरच्या मानेवर ठोकलेली तारीख बघा. दर ५ वर्षांनी प्रेशर टेस्ट लागते, ती संपलेली असेल तर चांगला डीलर भरतच नाही. रिकाम्याचं वजन पण तिथेच ठोकलेलं असतं, भरल्यावर काट्यावर ठेवून घ्या म्हणजे खरंच २ किलो आला का कळतं. आणि "जरा जास्त भरा की" असं कधी म्हणू नका. सीओटू ३१ अंशाच्या वर द्रव राहतच नाही, आणि जास्त भरलेल्या सिलेंडरमध्ये उन्हाळ्यात प्रेशर झपाट्याने वाढतं. सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस निघून जातो, तो पण आवाज करत. भरलेला सिलेंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

रेग्युलेटर घेताना सिलेंडरच्या व्हॉल्वचा आटा आणि रेग्युलेटरचा आटा जुळतो का ते बघूनच पैसे द्या. ऑनलाइन मागवलेले बरेच रेग्युलेटर बाहेरच्या देशांच्या आट्याचे असतात. नाही जुळला तर ॲडॉप्टर लागतो, उद्यमनगरात लेथवाला करून देईल म्हणाल तर ६० बारच्या जोडावर जुगाड करू नका, तयार घ्या.

पायरी ५: जोडणी

सिलेंडर उभाच ठेवायचा, आडवा केला की द्रव बाहेर येतो. टँकच्या स्टँडला पट्ट्याने किंवा साखळीने बांधा, घरात लहान पोरं असतील तर हे आजच करा. क्रम असा: सिलेंडर, मग रेग्युलेटर, त्यालाच सोलेनॉइड आणि नीडल व्हॉल्व, मग बबल काउंटर (यात बुडबुडे मोजता येतात), चेक व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि शेवटी टँकमध्ये डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती).

सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये वॉशर असतो, गळती तो अडवतो, तिथे टेफलॉन टेप गुंडाळू नका. वॉशर दबलेला दिसला तर दर रिफिलला बदला, दोन रुपयाच्या वॉशरपायी सिलेंडर रिकामा होतो. नळी एअर पंपाची मऊ सिलिकॉनची नको, तिच्यातून सीओटू झिरपतो, सीओटूसाठीची थोडी कडक नळी मिळते ती घ्या. चेक व्हॉल्व नसेल तर गॅस बंद झाल्यावर टँकचं पाणी नळीतून उलटं येऊन सोलेनॉइडमध्ये जातं, तेव्हा तो विसरू नका.

सगळं जोडलं की नीडल व्हॉल्व बंद करा, मग सिलेंडर हळू उघडा. रेग्युलेटरचं बाहेरचं प्रेशर दोन-अडीच बारवर ठेवा, सिरॅमिक डिफ्यूझरला एवढं लागतंच. भांड्याच्या साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावा, बुडबुडा फुगला की गळती. शंका असेल तर रात्री सिलेंडर बंद करून काटा किती आहे बघून ठेवा, सकाळी पडला असेल तर कुठेतरी जातोय.

सिलेंडरच्या काट्याबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना हमखास फसवते. आत द्रव असेपर्यंत काटा हलत नाही, २० अंशाला साधारण ५७ बार, ३० अंशाला ७२ च्या आसपास, म्हणजे तो गॅस किती उरला हे सांगत नाही, त्या दिवशी किती गरम आहे ते सांगतो. द्रव संपला की मग काटा पडायला लागतो, आणि तेव्हा फार थोडा गॅस उरलेला असतो. तेव्हाच भरायला न्या. काही स्वस्त रेग्युलेटर शेवटी शेवटी जास्त गॅस सोडतात आणि एका दुपारीत सगळे मासे जातात, त्यामुळे "अजून चालतंय की" करत शेवटपर्यंत ताणू नका.

डिफ्यूझर शक्य तेवढा खाली लावा, आणि फिल्टरचं पाणी त्याच्यावरून वाहत जाईल असा, म्हणजे बारीक बुडबुडे सगळ्या टँकभर फिरतात. वर जाऊन फट्कन फुटणारे मोठे बुडबुडे म्हणजे पैसे हवेत. चकतीवर हिरवं बसलं की काढून पातळ ब्लीचमध्ये भिजवा, भरपूर धुवा, मग क्लोरीनच्या औषधाच्या पाण्यात बुडवून परत लावा.

पायरी ६: किती सोडायचा आणि कधी

एका सेकंदाला एक बुडबुडा अशी सुरुवात करा, ६० लिटर असो की १०० लिटर. दुसऱ्याच्या टँकचे बुडबुडे मोजून आपल्याला लावू नका कारण प्रत्येक काउंटरचा बुडबुडा वेगळ्या साइजचा असतो. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी सुरू करा, म्हणजे दिवसभर घरात असाल आणि मासे बघू शकाल. शनिवारी लावला आणि लगेच गावाला गेला असं करू नका.

गॅस लाइटच्या दीड-दोन तास आधी सुरू करायचा, म्हणजे लाइट लागेपर्यंत पाण्यात पुरेसा झालेला असतो, आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. लाइट नसताना झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात आणि ऑक्सिजन घेतात. म्हणून रात्री गॅस बंद, आणि एअर पंप असेल तर रात्री चालू.

मोजायला दोन गोष्टी. एक ड्रॉप चेकर, काचेची छोटी घंटी असते, तिच्यात ४ केएचचं तयार पाणी आणि निळा रंग घालायचा. टँकचं पाणी घालायचं नाही, नाहीतर रंगाला काही अर्थच राहत नाही. निळा म्हणजे कमी, पोपटी-हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम, पिवळा म्हणजे धोका. पण हा एक-दोन तास मागे असतो, पिवळा दिसेपर्यंत मासे वर आलेले असतात.

दुसरं पीएच. सकाळी गॅस सुरू व्हायच्या आधी पीएच बघा, मग लाइट लागून दोन-तीन तास झाल्यावर परत बघा. पीएच एकने उतरला म्हणजे सीओटू आधीच्या दहापट झाला. सकाळी ७.६ आणि दुपारी ६.६ असं दिसलं तर तुम्ही बरोबर जागी आहात. एक सूत्र पण आहे, केएच ४ असताना पीएच ६.६ आला तर सीओटू ३० पीपीएमच्या आसपास निघतो, पण टँकमध्ये लाकूड किंवा ॲक्वासॉइल (टँकच्या झाडांसाठीची तयार माती) असेल तर ते पण पीएच खाली ओढतात आणि सूत्र खोटं सांगतं, त्यामुळे सकाळ-दुपारचा फरकच बघा.

कमी वाटलं तर नीडल व्हॉल्व थोडासाच फिरवा आणि दोन दिवस थांबा. रोज फिरवत बसलात तर कधीच एका जागी येणार नाही, आणि काळं केसाळ शेवाळ, ज्याला ब्लॅक ब्रश म्हणतात, ते अशा खालीवर होणाऱ्या गॅसवरच पोसतं. ते आलं की लोक गॅस कमी करतात किंवा एकदम वाढवतात, दोन्हीकडे तेच. एकदा जमलं की व्हॉल्वला हात लावू नका.

टायमरवर एक सांगतो. प्लगमधला फिरत्या चकतीचा गोल टायमर वीज गेली की थांबतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती जाते ते सांगायला नको. एक तास वीज गेली की गॅस आणि लाइट दोन्ही तासभर पुढे सरकतात, आठवड्यात वेळापत्रक कुठल्या कुठे. बॅटरीवाला डिजिटल किंवा वायफायचा प्लग घ्या. वीज गेल्यावर सोलेनॉइड आपोआप बंद होतो ही चांगली गोष्ट आहे, पण साखर-यीस्टवाल्यांचा गॅस बंद होत नाही आणि फिल्टर मात्र थांबलेला, त्यांनी नळी टँकमधून बाहेर काढायची सवय ठेवा.

पायरी ७: माशांकडे बघा

जास्त झाला की मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करतात, गिल्स जोरात हलतात, झिंगे एकदम सुस्त होतात किंवा उड्या मारून वर पळतात. असं दिसलं की आधी गॅस बंद, एअर स्टोन चालू, अर्धं नाही तरी ३०-४० टक्के पाणी बदला. वेळेत केलं तर मासे बहुतेक वाचतात. गुरामी आणि बेटा मात्र मुळातच वर येऊन हवा घेणारे आहेत, ते अधूनमधून वर आले म्हणून घाबरू नका, टेट्रा आणि गप्पी वर आले तर घाबरा.

पाण्यात सीओटू जास्त झाला म्हणून ऑक्सिजन कमी होत नाही, दोघांची जागा वेगवेगळी असते. त्यामुळे फिल्टरने पृष्ठभाग थोडा हलता ठेवा, त्यात थोडा सीओटू उडतो पण माशांना ऑक्सिजन मिळतो, आणि थोडा जास्त गॅस सोडून ते भरून काढता येतं. पाणी अजिबात हलू न देता गॅस वाचवणारे असतात, त्यांचेच मासे जातात असा माझा अनुभव आहे.

मे महिन्याचं वेगळं बघायला लागतं. टँकचं पाणी ३० च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ अंशाला लिटरमागे ८ मिलीग्रॅमच्या थोडा वर असतो तो ३० ला साडेसातवर येतो, आणि माशांची भूक-श्वास मात्र गरमीने वाढलेले. हिवाळ्यात जो गॅस बिनधास्त चालत होता तोच तेव्हा जड जातो. एप्रिलपासून व्हॉल्व थोडा कमी करा, टँकवर छोटा पंखा लावा.

पायरी ८: खत

गॅस लागला की झाडं खायला मागतात. एक-दोन आठवड्यात नवीन पानं पिवळी, जुन्या पानांना भोकं असं दिसलं तर गॅस कमी नाही, खत कमी आहे. ब्रँडेड बाटल्या महाग असतात, आणि आपल्याकडे प्रत्येक गावात कृषी सेवा केंद्र आहे जिथे ऊस-द्राक्षवाले ड्रिपमधून द्यायची खतं घेतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे फॉस्फेटवालं, ही दोन्ही टँकला चालतात. १०० लिटरला १ ग्रॅम १३:००:४५ घातलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएमने वाढतं, आठवड्यातून दोनदा तेवढं घालून बघा. फॉस्फेट याच्यापेक्षा खूपच कमी लागतं, आणि मायक्रोन्यूट्रियंट (लोहासारखी सूक्ष्म खतं) पाकिटावर चिलेटेड लिहिलेलीच घ्या, तेही चिमटीने. १९:१९:१९ मात्र घालू नका, त्यात युरिया-अमोनियाचा नायट्रोजन असतो, मासे जातील. युरिया तर नावसुद्धा काढू नका. दुकानदार एकर किती विचारेल, अर्धा किलोची पुडी मागा, ती काही वर्षं जाते.

आठवड्याला ३०-५० टक्के पाणी बदलत राहा, म्हणजे खत कुठे साठत नाही. पाणी बदलताना डिफ्यूझर उघडा पडतो आणि ताज्या पाण्यातला पीएच वेगळा असतो, त्या दिवशीचं मोजमाप धरू नका.

बाहेरगावी जाताना

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला किंवा मे महिन्यात गावाला चार-पाच दिवस जाणार असाल तर सिलेंडर टायमरवर नीट चाललेला असेल तर आहे तसा ठेवा, जायच्या आठवड्यात व्हॉल्वला हात लावू नका, लाइट एक-दोन तासाने कमी करा आणि माशांना उपाशी ठेवा, तगडे मासे चार दिवस आरामात राहतात. काटा पडायला लागला असेल तर जायच्या आधी भरून आणा, नाहीतर सिलेंडर सरळ बंद करून जा आणि लाइट चार तासांवर आणा. बाटलीवाल्यांनी नळी काढून बाटलीचं झाकण सैल करून जायचं, घट्ट लावून ठेवायचं नाही. शेजाऱ्याला टँक बघायला सांगणार असाल तर त्याला खायला घालायचं नाही एवढंच सांगा, आणि मासे वर तोंड काढून दिसले तर गॅसचा प्लग कुठला आणि एअर पंपाचा कुठला ते चिकटपट्टीवर लिहून लावून ठेवा.